ठाण्यातले एक टेबल
टाटा समाजविज्ञान संस्थेच्या बालन्यायविषयक कामाचा इतिहास

कोल्हापूर प्रकरणात १८८२ साली टिळक आणि आगरकर ज्या डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस राहिले, तो तुरुंग पुढे मुलांच्या वाट्याला आला. आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तक लिहिले म्हणून मराठी वाचकाला डोंगरी माहीत आहे. पण त्याच उमरखाडीच्या आवारात चिल्ड्रन्स एड सोसायटीचे रिमांड होम आले आणि तिथून पिढ्यान्‌पिढ्या पोरे गेली. रेल्वेच्या फलाटावर सापडलेली, घरातून पळालेली, खिसा कापताना धरलेली अशी ही पोरे नोंदवहीतल्या एका ओळीपलीकडे कुणाला ठाऊक झाली नाहीत. ती ओळ वाढवून तिची केस-फाइल आणि फाइलींचा अभ्यास करण्याचे काम मुंबईत ज्या संस्थेने नेटाने केले, तिचा हा इतिहास आहे. संस्थेचे नाव टाटा समाजविज्ञान संस्था. बोलण्यात आपण तिला नुसते ‘टिस’ म्हणतो.

संपादकांनी संस्थेचा इतिहास मागितला आहे. पूर्ण इतिहास लिहायचा तर कामगार-कल्याण, आरोग्य, ग्रामविकास, तुळजापूरचे केंद्र असे बरेच काही यायला हवे. इथे मी फक्त पोलीस, न्यायालय आणि मुले हा एकच धागा धरला आहे. नगर जिल्ह्यातल्या देवळाली प्रवरात बसून पाहिले तर संस्थेच्या सगळ्या कामांतला तोच धागा आपल्या वेशीपर्यंत येऊन थांबल्यासारखा दिसतो.

संस्था जन्मण्याआधी कायदे होते. १८५० च्या अॅप्रेंटिसेस अॅक्टने भटक्या किंवा किरकोळ गुन्ह्यातल्या मुलांना तुरुंगाऐवजी कारागिराच्या हाताखाली घालण्याची सोय केली. १८५७ पासून मुंबईच्या सुधारशाळेशी डेव्हिड ससून यांचे नाव जोडले गेले. १८९७ चा रिफॉर्मेटरी स्कूल्स अॅक्ट आला. मग १९१९-२० च्या तुरुंग समितीने मुलांना मोठ्या कैद्यांपासून वेगळे काढा, त्यांची न्यायालयेही वेगळी करा, असे ठासून सांगितले. मद्रासने १९२० साली, बंगालने १९२२ साली आणि मुंबई इलाख्याने १९२४ साली बालकांविषयीचा कायदा केला. तो राबवायला माणसे हवीत म्हणून १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी उभी राहिली. मुलांचे न्यायालय झाले, रिमांड होम झाले. पण न्यायाधीशापुढे मुलाच्या घरची हकिकत मांडायला शिकलेला माणूस कुठून आणायचा हा प्रश्न तसाच राहिला. असा माणूस घडवणारी शाळा अख्ख्या देशात नव्हती.

ती शाळा काढणारे क्लिफर्ड मॅन्शार्ट हे आपल्या जिल्ह्याला परके नव्हेत, निदान त्यांची मिशन तरी नव्हे. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली नगरला ठाणे मांडले. राहुरी, वडाळा ही नावे मिशनच्या कागदपत्रांत सतत येतात. मॅन्शार्ट १९२५ मध्ये या मिशनकडे मुंबईला आले आणि १९२७ मध्ये त्यांनी भायखळ्याजवळ नागपाडा नेबरहुड हाउस उघडले. धर्मप्रसारापेक्षा वस्तीत राहून वस्तीचे काम करायचे, ही त्यामागची रीत अमेरिकेतल्या शिकागोच्या हल हाउससारख्या घरांतून आली होती. हल हाउसच्याच बायकांनी रेटा लावल्यामुळे १८९९ साली शिकागोत मुलांचे वेगळे न्यायालय सुरू झाले होते. वस्तीतले घर आणि मुलांचे न्यायालय ही जोडी तिथे एकत्र जन्मली. नागपाड्यातही ती फार काळ वेगळी राहिली नाही.

इथे एक गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. ज्या मिशनने नागपाड्यात दार उघडे ठेवले, तिच्याकडेच सोलापूरच्या ‘गुन्हेगार जमातीं’च्या वसाहतीचा कारभारही होता. १८७१ च्या कायद्याने ज्यांना जन्मतःच गुन्हेगार ठरवले, त्या कुटुंबांची मुले तारेच्या कुंपणात वाढत होती. दयाळू माणसेसुद्धा पोलिसांची यादी खरी धरून कामाला लागतात, याचे हे उदाहरण आहे. नगर जिल्ह्यातल्या पारधी कुटुंबांना ते वेगळे सांगावे लागत नाही. कायदा १९५२ साली रद्द झाला, यादी मात्र डोक्यातून गेली नाही.

सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या पैशातून १९३६ मध्ये नागपाड्यात ‘सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क’ सुरू झाले आणि मॅन्शार्ट पहिले संचालक झाले. पुढच्याच वर्षी शाळेने बालमार्गदर्शन चिकित्सालय उघडले. ‘वाह्यात’ म्हणून आणलेल्या मुलाला आधी ऐकून घ्यायचे, मग त्याच्याबद्दल बोलायचे, ही त्या काळी नवी गोष्ट होती. १९३७ मध्येच मॅन्शार्ट यांनी ‘द चाइल्ड इन इंडिया’ हा लेखसंग्रह संपादित केला. १९४० मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ सोशल वर्क’ निघाले. मग सूत्रे जे. एम. कुमारप्पांकडे आली. ग्रामोद्योगवाले जे. सी. कुमारप्पा हे यांचे बंधू. भिकाऱ्यांच्या प्रश्नावर जे. एम. कुमारप्पांनी १९४५ मध्ये पुस्तक संपादित केले. शिर्डीतून उचललेली माणसे श्रीगोंदा तालुक्यातल्या विसापूरच्या भिक्षेकरी गृहात नेली जाताना पाहणाऱ्या आपल्यासारख्यांना ते आजही जुने वाटू नये. १९४४ मध्ये शाळेची ‘टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस’ झाली, १९५४ मध्ये देवनारच्या आवारात गेली (उद्‌घाटनाला पंडित नेहरू आले होते) आणि १९६४ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

आता मूळ धाग्याकडे. १९५१-५२ च्या सुमारास संयुक्त राष्ट्रसंघाने वॉल्टर रेकलेस नावाचे अमेरिकन गुन्हेशास्त्रज्ञ तुरुंग-कारभार पाहायला भारतात पाठवले आणि तुरुंग-अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण टिसमध्ये झाले. गुन्हेशास्त्र आणि सुधारणा-प्रशासन हा विषय संस्थेत रुजला तो या काळात. रेकलेस यांनी अमेरिकेत पुढे विचारलेला प्रश्न मला त्यांच्या कुठल्याही अहवालापेक्षा मोलाचा वाटतो: बदनाम वस्तीत राहूनही जी पोरे वाकड्या वाटेला जात नाहीत, ती का जात नाहीत? सगळे जग बिघडलेल्या पोरांची कारणे शोधत असताना या गृहस्थाने न बिघडलेल्यांकडे बोट दाखवले.

पण त्या काळातले इकडचे बहुतेक संशोधन दुसऱ्या बाजूनेच चालले. पुण्यात जी. एन. रतनशा यांनी डेक्कन कॉलेजमधून १९४७ मध्ये पुण्यातल्या बालगुन्हेगारीवर आणि निराधार मुलांवर प्रबंध प्रसिद्ध केला. मुंबईत हंसा शेठ यांचे पुस्तक १९६१ मध्ये आले. मेहनतीची, प्रामाणिक कामे. रिमांड होममधली मुले घ्यायची, बाप आहे की नाही, आई कामाला जाते का, शाळा कधी सुटली, खोलीत माणसे किती, याचे तक्ते मांडायचे. या तक्त्यांतून गरिबी आणि मोडके घर हे उत्तर येणारच, कारण तपासायला मुले आणली कुठून तर पोलिसांनी जिथून आणली तिथून. मलबार हिलच्या बंगल्यात घड्याळ चोरणारा मुलगा रिमांड होमपर्यंत पोहोचत नव्हता. धरलेल्या पोरांची मोजदाद ही धरण्याच्या सवयीचीही मोजदाद असते, हे संशोधकांच्या ध्यानात यायला वेळ लागला. धरणारा हात कसा चालतो हे पाहायचे तर ठाण्यात जाऊन बसावे लागते, आणि विद्यापीठातल्या माणसाला ठाण्यात कोण बसू देणार?

मुंबई पोलिसांनी पन्नासच्या दशकात स्वतःहून बाल साहाय्य पोलीस पथक काढले होते, हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे. मात्र ते पथक पोलिसांचे होते. त्यात बाहेरचा कुणी नव्हता.

दार उघडले ते एका पत्राने. पत्रकार शीला बरसे यांनी मुंबईच्या कोठड्यांत बायकांना होणाऱ्या मारहाणीविषयी सर्वोच्च न्यायालयाला लिहिले. न्यायालयाने पत्रालाच याचिका मानले आणि मुंबईच्या मध्यवर्ती तुरुंगात जाऊन स्त्री-कैद्यांशी एकांतात बोलून अहवाल देण्याचे काम आर्मेती देसाई यांच्यावर सोपवले. त्या वेळी त्या निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालक होत्या. १९८३ च्या निकालात बायकांसाठी वेगळी कोठडी, स्त्री-पोलिसांच्या हजेरीतच चौकशी, अटकेची खबर नातेवाइकाला, न्यायाधीशांची अवचित भेट असे आदेश आले. याच देसाई त्याच सुमारास टिसच्या संचालक झाल्या आणि १९९५ पर्यंत त्या पदावर राहिल्या. इथून पुढचा सगळा इतिहास मी त्या एका तुरुंगभेटीच्या उजेडात वाचतो. समाजकार्यकर्ती आत गेली, ऐकून आली, तिने लिहिले आणि न्यायालयाने ते कागद पुरावा म्हणून वाचले.

१९८४ मध्ये मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू झाला. पोलीस दल आणि टिस यांचे ते संयुक्त काम होते, आणि त्याचे खरे नवेपण जागेत होते: समाजकार्यकर्तीचे टेबल पोलिसांच्याच छपराखाली. ज्यांनी ठाणे आतून पाहिले आहे त्यांना या गोष्टीचे वजन कळेल. तक्रार घेऊन आलेल्या बाईला ठाणे अंमलदार ‘उद्या या’ म्हणतो, तेव्हा शेजारच्या टेबलावरची बाई ‘बसा’ म्हणते. जबाब लिहून घेताना काय गाळले जाते, नवऱ्याला बोलावून ‘समज’ दिली जाते म्हणजे नेमके काय होते, मूल सोबत असेल तर ते चार तास कुठे बसते, हे सगळे तिथे रोज दिसते. ती रोजची टिपणे हेच मग संशोधनाचे साहित्य झाले. पोलिसांना हे टेबल सुरुवातीला अडगळ वाटले असेल तर नवल नाही. पुढे राज्याच्या महिला व बालविकास विभागाने हे कक्ष स्वतःकडे घेतले आणि जिल्ह्याजिल्ह्यांत नेले.

१९९० मध्ये गुन्हेशास्त्र विभागाने ‘प्रयास’ हा क्षेत्रकार्य प्रकल्प सुरू केला. सनोबर साहनी आणि विजय राघवन ही त्याच्याशी जोडलेली नावे. मुंबईच्या तुरुंगातल्या तरुण कच्च्या कैद्यांपासून काम सुरू झाले: जामीनदार नाही म्हणून अडकलेला पोरगा, वकील माहीत नसलेला, घरच्यांना पत्ताच नसलेला. वरवर पाहता काम अगदी साधे, म्हणजे चिठ्ठी पोहोचवा, बापाला गाठा, तारखेला उभे राहा. पण शेकडो चिठ्ठ्या पोहोचवल्यावर जे कळते ते ग्रंथालयात कळत नाही. आईला अटक होते तेव्हा घरी राहिलेल्या मुलांचे काय होते, हे कुठल्याही सरकारी तक्त्यात नव्हते. प्रयासने त्यावर २००२ मध्ये अहवाल काढला. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कैदी मातांच्या मुलांविषयी निकाल दिला, तेव्हा तो अहवाल न्यायालयापुढे होता. सहा वर्षांपर्यंतचे मूल आईजवळ राहू शकते, त्याचा आहार, पाळणाघर, शिक्षण यांची जबाबदारी शासनाची, आणि त्या मुलाला कैदी समजायचे नाही, हे आपल्या तुरुंगांना लेखी मिळाले.

१९९६ मध्ये संस्थेच्या कुटुंब व बालकल्याण विभागातून जेरू बिलिमोरिया यांनी चाइल्डलाइनची १०९८ ही सेवा मुंबईत सुरू केली. ती देशभर गेली. नगरला स्नेहालय या संस्थेने ती चालवली. २०२३ मध्ये केंद्राने ती सरकारी यंत्रणेत घेतली. नंबर तोच राहिला. फोन उचलणारा माणूस स्वयंसेवी संस्थेचा असावा की शासनाचा, यावर समाजकार्यवाल्यांत अजून वाद आहे. माझे मत स्वयंसेवी संस्थेच्या बाजूचे आहे, कारण पोलिसाविरुद्धचा फोन सरकारी खोलीत खणखणला की आवाज बदलतो.

दरम्यान कायदा पुढे सरकत होता. मुलांना मोठ्यांच्या तुरुंगात ठेवतात याविरुद्धही शीला बरसेच न्यायालयात गेल्या होत्या. १९८६ मध्ये देशभरासाठी एकच बालन्याय कायदा आला; त्यात मुलगा सोळापर्यंत आणि मुलगी अठरापर्यंत बालक. २००० च्या कायद्याने दोघांनाही अठरा वर्षे दिली, बाल न्याय मंडळात दंडाधिकाऱ्याच्या बाजूला दोन समाजकार्यकर्ते बसवले आणि विशेष बाल पोलीस पथकाची तरतूद केली. बाहेरच्या माणसाला ठाण्यात कोण बसू देणार, या जुन्या प्रश्नाला कायद्यानेच उत्तर दिले, निदान कागदावर. २०१५ चा कायदा दिल्लीतल्या २०१२ च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतरच्या संतापात झाला. सोळा ते अठरा वयाच्या मुलाने अत्यंत गंभीर गुन्हा केल्याचा आरोप असेल, तर त्याला प्रौढ म्हणून चालवायचे का, याचे प्राथमिक मूल्यांकन मंडळाने करायचे. मुलाची समज, शारीरिक-मानसिक क्षमता आणि गुन्ह्याची परिस्थिती हे सारे तीन महिन्यांत पाहायचे. हे करायला मानसशास्त्रज्ञ आणि अनुभवी समाजकार्यकर्ते लागतात. टिसमधल्या बालन्याय संसाधन कक्षाने मंडळे, निरीक्षणगृहे आणि पोलीस यांच्यासोबत जे काम केले, त्याची निकड या एका कलमावरून कळते.

२०१८ चे बिहार प्रकरण सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. संस्थेच्या ‘कोशिश’ या प्रकल्पाला बिहार सरकारने निवारागृहांची सामाजिक तपासणी करायला सांगितले. पथकाने ११० संस्था पाहिल्या, सतरांविषयी अतिशय गंभीर नोंदी केल्या. मुजफ्फरपूरच्या मुलींच्या गृहातले अत्याचार त्यातून उघड झाले आणि २०२० मध्ये दोषींना शिक्षा झाल्या. तपासणी करणाऱ्यांच्या हातात छाप्याचे अधिकार नव्हते. अधिकारी दालनात बसून रजिस्टर मागतो. या मंडळींनी मुलींबरोबर जमिनीवर बसून गप्पा मारल्या. नागपाड्यापासून चालत आलेली शिस्त तीच.

आणि मग मे २०२४ मधले पुण्यातले कल्याणीनगर. सतरा वर्षांच्या मुलाच्या मोटारीखाली दोघांचा जीव गेला, पहिल्याच दिवशी जामीन झाला आणि अटींमध्ये तीनशे शब्दांचा निबंध निघाला. राहुरी फॅक्टरीच्या चहाच्या टपरीवरसुद्धा महिनाभर त्या निबंधाचाच विषय होता. लोकांचा राग मला समजतो. पण त्या रागात बालन्याय म्हणजे श्रीमंताच्या पोराची पळवाट, असे जे समीकरण पक्के झाले त्याने नुकसान केले. निरीक्षणगृहात राहूनही ज्यांच्याबद्दल कुणी कधी वाचले नाही, त्या ऊसतोडणीच्या, वीटभट्टीच्या, पालावरच्या पोरांना हा कायदा फार क्वचित पळवाट ठरतो. त्यांना तो मिळाला तरी पुरे.

देवळाली प्रवराचे गणित असे. ठाणे राहुरीला, मंडळ आणि निरीक्षणगृह जिल्ह्याच्या ठिकाणी, म्हणजे चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर. नगर-मनमाड रस्ता गावाला लागून. शिर्डीला निघालेली, घरातून रुसून आलेली मुले याच रस्त्याने जातात. हंगामात साखर कारखान्यांच्या आसपास ऊसतोड मजुरांच्या कोप्या पडतात. आईबाप पहाटे फडात, पोरे दिवसभर मोकळी. एखाद्याचा मोबाइल गेला की पहिली नजर कोप्यांकडे वळते. आता नियम पाहा. प्रत्येक ठाण्यात एक बालकल्याण पोलीस अधिकारी हवा. मुलाला कोठडीत ठेवायचे नाही, बेडी घालायची नाही, चोवीस तासांच्या आत मंडळापुढे न्यायचे, पोलिसाने साध्या वेशात असायचे, पालकाला लगेच कळवायचे. गुन्हा अत्यंत गंभीर नसेल आणि मोठी माणसे सामील नसतील तर एफआयआरही नोंदवायचा नाही. स्टेशन डायरीत नोंद करून सामाजिक पार्श्वभूमी अहवाल भरायचा. हा अहवाल म्हणजे १९२७ च्या रिमांड होमला जो माणूस हवा होता, त्याचेच काम. फक्त आता ते ठाण्यातल्या पोलीस अधिकाऱ्याच्या हाती आले आहे. बंदोबस्त, समन्स, यात्रा आणि अपघात सांभाळून त्याने बीडहून आलेल्या कोयत्यावरच्या पोराची सामाजिक पार्श्वभूमी लिहायची. तो ‘गरिबी’ एवढेच लिहून मोकळा होत असेल तर मी त्याला दोष देणार नाही.

जिल्ह्याच्या विशेष बाल पोलीस पथकात दोन समाजकार्यकर्ते, त्यांत एक स्त्री, हे २०१५ च्या कायद्याच्या कलम १०७ मध्ये लिहिलेले आहे. नगरमध्ये समाजकार्य शिकवणारी सीएसआरडी ही संस्था अहमदनगर महाविद्यालयाच्या परिवारात कित्येक वर्षे आहे, आणि तिच्या विद्यार्थ्यांना क्षेत्रकार्य करावेच लागते. म्हणजे टिसने मुंबईत केले ते इथे करायला नवा कायदा लागत नाही की मोठा निधी. गळिताच्या एका हंगामापुरते, ऑक्टोबर ते मार्च, दोन विद्यार्थी तालुक्याच्या ठाण्यात बसावेत. त्यांनी उपदेश करू नये, फक्त टिपावे: मूल किती वाजता आणले, कुणी आणले, फिर्यादीने आधी मारले होते का, पालकाला निरोप कसा दिला, फोन नसेल तर फडावर कोण गेले, वय कशावरून ठरवले, शाळेचा दाखला नसताना काय केले, मंडळापुढे न्यायला गाडी मिळाली की एसटी, आणि पोर परत आले तेव्हा तोडणीची टोळी पुढच्या कारखान्यावर निघून गेली होती का.

या टिपणातल्या शेवटच्या रकान्याची माहिती महाराष्ट्रातल्या कुठल्याही तक्त्यात मी पाहिलेली नाही. मुकादमाच्या वहीत ती असते, उचलीच्या हिशेबाशेजारी. तिथून ती काढायची तर मुकादमाशी बोलावे लागेल, आणि तो बोलेल तो फक्त रोज दिसणाऱ्या माणसाशी.